अमेरिकेतला राष्ट्राभिमान आणि नागरिकपण: नेमकं काय बदललंय?

गोदाकाठ
चार जुलै, म्हणजे अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन, जवळ आला की गॅलप या जनमत चाचणी घेणाऱ्या संस्थेचे आकडे येतात आणि 'अमेरिकेत देशप्रेम आटलं' असे मथळे झळकतात. अमेरिकन असल्याचा किती अभिमान वाटतो, या प्रश्नाला २०२५ मध्ये 'अत्यंत अभिमान' म्हणणारे ४१ टक्के आणि 'खूप अभिमान' म्हणणारे १७ टक्के होते. बेरीज ५८. हा प्रश्न गॅलपने पहिल्यांदा जानेवारी २००१ मध्ये विचारला तेव्हा हीच बेरीज ८७ होती. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर नुसता 'अत्यंत'चा आकडा चढत २००३ मध्ये ७० वर गेला. तिथून घसरण सुरू झाली, २०१८ मध्ये तो पहिल्यांदा निम्म्याखाली आला आणि २०२२ मध्ये ३८ वर टेकला.

पण ५८ हा आकडा फोडल्याशिवाय त्यातून काही कळत नाही. २०२५ मध्ये रिपब्लिकन ९२ टक्के, कुठल्याच पक्षाचे नसलेले ५३ टक्के, डेमोक्रॅट ३६ टक्के. आदल्या वर्षी हेच डेमोक्रॅट ६२ वर होते. वर्षभरात देश बदलला नाही, व्हाइट हाउसमधला माणूस बदलला. म्हणजे प्रश्न देशाबद्दलचा असला तरी उत्तर बऱ्याच अंशी 'सध्या कारभार कोणाकडे' याचं येतं. गंमत अशी की उलट बाजूने हे तितकंसं घडत नाही. बायडेन यांच्या काळातही रिपब्लिकन ऐंशीच्या वरच राहिले.

वयाचा फरकही मोठा आहे. २०२१ ते २०२५ या पाच वर्षांची सरासरी घेतली तर १९९६ नंतर जन्मलेल्यांत ४१ टक्के, त्यांच्या आधीच्या पिढीत ५८, आणि युद्धानंतरच्या बूमर पिढीत ७५.

आता दुसरी बाजू. याच काळात मतदान वाढलं. २०१४ च्या मध्यावधी निवडणुकीत (राष्ट्राध्यक्षाच्या चार वर्षांच्या मध्यावर ठरल्याप्रमाणे होते ती) पात्र लोकांपैकी जेमतेम ३७ टक्के मतदानाला गेले. २०१८ मध्ये सुमारे ५० टक्के गेले, मध्यावधीत शंभर वर्षांत एवढं मतदान झालं नव्हतं. २०२० मध्ये ६६ टक्के, २०२४ मध्ये ६४. अभिमान सांगणारे घटले आणि रांगेत उभे राहणारे वाढले, हे कसं? माझ्या मते अभिमान आटलेला नाही, त्याला पक्षाचा रंग चढलाय. धागा त्यासाठीच काढला आहे.

शेवंती
मतदान वाढलं ते समोरच्या पक्षाच्या भीतीने. त्याला नागरिकपण म्हणायचं का? आणि वॉल स्ट्रीट जर्नलच्या २०२३ च्या पाहणीचं काय? त्यात 'देशभक्ती खूप महत्त्वाची' म्हणणारे १९९८ मध्ये ७० टक्के होते, ते थेट ३८ वर आले. 'समाजकार्यात सहभाग' तर २०१९ च्या ६२ वरून चार वर्षांत २७ वर. याला पक्षाचा रंग म्हणता येणार नाही, सगळंच कोसळलेलं दिसतं.

आकडेमोड
शेवंती, त्या पाहणीवर घर बांधू नका, पाया कच्चा आहे. १९९८ आणि २०१९ च्या फेऱ्या फोनवर झाल्या होत्या. २०२३ ची फेरी मुख्यतः ऑनलाइन झाली. फोनवर पलीकडे जिवंत माणूस असतो आणि तो विचारतो, 'समाजकार्य तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं?' त्याला 'फारसं नाही' म्हणायला जीभ रेटत नाही. पडद्यावर चार पर्याय दिसले की माणूस निवांत मधला पर्याय निवडतो. असे 'लोक काय म्हणतील' छापाचे प्रश्न फोनवर नेहमी फुगतात आणि ऑनलाइन आले की खाली बसतात. पैशाला महत्त्व देणारे मात्र ३१ वरून ४३ वर गेले. तेही त्याच कारणाशी जुळतं, कारण फोनवर पैशाचं नाव घ्यायला संकोच वाटतो.

घसरण झालीच नाही असं नाही. ७० आणि ३८ मधली किती खरी आणि किती मोजपट्टी बदलल्यामुळे, हे त्या पाहणीतून वेगळं काढता येत नाही, इतकंच. दोन वर्षांचे आकडे शेजारी ठेवण्याआधी तीन गोष्टी पाहायच्या: प्रश्नाचे शब्द तेच आहेत का, पर्याय तेवढेच आहेत का, विचारण्याची पद्धत तीच आहे का. एकही बदलली असेल तर बाण काढून रेघ ओढू नये.

समाजकार्याचाच आकडा हवा असेल तर जनगणना कार्यालय आणि अमेरिकॉर्प्स (स्वयंसेवेची केंद्रीय सरकारी संस्था) यांची पाहणी बघा. तिथे 'महत्त्व वाटतं का' असं विचारत नाहीत, 'गेल्या वर्षभरात एखाद्या संस्थेसाठी विनामोबदला काम केलंत का' असं विचारतात. २०१९ मध्ये ३० टक्के, कोविडमध्ये २३.२, २०२३ मध्ये २८.३. पडलं, आणि बरंचसं सावरलं. शेजाऱ्याला सामान आणून देणं, मुलं सांभाळणं असली मदत करणारे २०२३ मध्ये ५४ टक्के. ६२ वरून २७ वर कोसळलेला समाज असा दिसत नाही.

शेवंती
हे माहीत नव्हतं, पटलं. पण मग सरकारवरचा विश्वास? तो तर फोन असो की संगणक, तळालाच आहे ना?

आकडेमोड
तो खरंच तळाला आहे. १९६४ मध्ये ७७ टक्के लोकांना केंद्र सरकार बहुतेक वेळा योग्य तेच करेल असं वाटायचं, २०२४ मध्ये २२ टक्के. मात्र मोठी पडझड व्हिएतनाम आणि वॉटरगेटच्या काळातच उरकली होती. नव्वदीच्या सुरुवातीलाही विश्वास पंचविशीच्या आसपासच होता आणि तेव्हा देशाभिमान मजेत होता. दोन्ही गोष्टी एकत्र नांदत होत्या. आता नांदत नाहीत, हा गोदाकाठ म्हणतात तो बदल.

तात्या टेक्सास
आकड्यांचं पुरे. झेंड्याकडे बघा, तिथे सगळं उघड दिसतं. ध्वजसंहिता १९४२ पासून केंद्रीय कायद्यात आहे. झेंडा कपडा म्हणून वापरू नये, कागदी रुमालांवर छापू नये, जाहिरातीत वापरू नये, आडवा सपाट धरून नेऊ नये, हे सगळं त्यात स्पष्ट लिहिलंय. आणि चार जुलैला काय दिसतं? झेंड्याची चड्डी, झेंड्याचे पेपर नॅपकिन आणि फुटबॉलच्या मैदानभर आडवा पसरलेला झेंडा. हे सगळं करणारे स्वतःला कट्टर देशभक्त म्हणवतात! शिक्षा मात्र कोणालाच नाही, कारण सर्वसामान्य नागरिकांसाठी ही संहिता म्हणजे नुसती शिष्टाचाराची यादी आहे. तिच्यामागे दंड नाही.

झेंडा जाळण्याचं म्हणाल तर सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये टेक्सास विरुद्ध जॉन्सन खटल्यात ५-४ ने सांगितलं की निषेध म्हणून झेंडा जाळणं हे अभिव्यक्तिस्वातंत्र्यात बसतं. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, त्याच वर्षी नवा कायदा केला, तो न्यायालयाने १९९० मध्ये पुन्हा ५-४ ने रद्द केला. घटनादुरुस्ती २००६ मध्ये सिनेटमध्ये ६६-३४ अशी एका मताने पडली. ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी झेंडा जाळणाऱ्यांवर खटले भरण्याचा आदेश काढला, पण तो इतर कायद्यांच्या आधारे: सार्वजनिक जागी आग लावणं, मालमत्तेचं नुकसान वगैरे. न्यायालयाचा निकाल आदेशाने पुसला जात नाही.

खडूस
तात्या, मैदानावरच्या देशभक्तीचा हिशेबही सांगा की. २०१५ मध्ये मॅकेन आणि फ्लेक या दोन रिपब्लिकन सिनेटरांनी अहवाल काढला. संरक्षण खात्याने व्यावसायिक संघांना मैदानावरच्या सैनिक-सत्कारांसाठी आणि राष्ट्रगीताच्या सोहळ्यांसाठी ६८ लाख डॉलर दिल्याचं त्यात निघालं. प्रेक्षकांना वाटत होतं की संघ मनापासून करतायत. फुटबॉल लीगला नंतर ७ लाखांहून जास्त डॉलर परत करावे लागले. आणि २०१६ मध्ये केपरनिक हा फुटबॉलपटू वर्णद्वेषाच्या निषेधार्थ राष्ट्रगीताला गुडघा टेकून बसला तेव्हा 'पवित्र परंपरा मोडली' म्हणून गहजब झाला. राष्ट्रगीताच्या वेळी सगळे खेळाडू मैदानात उभे असण्याची पद्धत त्या लीगमध्ये २००९ पासूनची. सात वर्षांची परंपरा!

पिंपळपान
खडूस, परंपरेचं वय काढायचं तर शाळेतली ध्वजप्रतिज्ञाही घ्या. फ्रान्सिस बेलामीने ती १८९२ मध्ये एका मुलांच्या नियतकालिकासाठी लिहिली. मूळ ओळीत देशाचं नाव नव्हतं, 'माझा झेंडा' एवढंच होतं. देशाचं नाव १९२३-२४ मध्ये आलं, देवाचा उल्लेख १४ जून १९५४ ला आयझेनहॉवरच्या सहीने. सुरुवातीला हात पुढे ताणून वंदन करत. ते नाझी सलामीसारखं दिसायला लागलं म्हणून १९४२ च्या डिसेंबरात हात छातीवर आला.

इथल्या पालकांसाठी कामाचा भाग: प्रतिज्ञा म्हणण्याची सक्ती सरकारी शाळा करू शकत नाही. वेस्ट व्हर्जिनिया विरुद्ध बार्नेट, १९४३, तेही महायुद्ध चालू असताना. जेहोवाज विटनेस पंथाच्या मुलांना शाळेतून काढलं होतं. तीनच वर्षांपूर्वी, १९४० मध्ये, याच न्यायालयाने ८-१ ने उलट निकाल दिला होता. तो त्यांनी ६-३ ने फिरवला. मात्र टेक्सास आणि फ्लोरिडात मुलाला सूट हवी असेल तर पालकांची लेखी चिठ्ठी लागते, मुलाने आपणहून 'म्हणणार नाही' म्हटलं की शिक्षक चिठ्ठी मागतात. वर्गशिक्षकांशी वाद घालत बसू नका. दोन ओळींचं पत्र, तारीख, सही, आणि त्याची प्रत स्वतःकडे. टेक्सासात राज्याच्या झेंड्याची प्रतिज्ञा वेगळी असते, पत्रात दोन्हींचा उल्लेख करा.

शेवंती
पण एच-४ वर, म्हणजे एच-१बी नोकरदाराच्या कुटुंबाच्या व्हिसावर, असलेल्या मुलांनी, म्हणजे जे नागरिकच नाहीत त्यांनी, दुसऱ्या देशाच्या झेंड्याशी निष्ठा का सांगायची?

पिंपळपान
नाही सांगितली तरी चालतं, सांगितली तरी भारतीय नागरिकत्वाला काही होत नाही. बहुतेक मुलं शांत उभी राहतात आणि कोणी काही बोलत नाही.

गोदाकाठ
विषय नागरिकत्वाकडे आलाच आहे तर परीक्षेबद्दल. समाजाला नागरिकाकडून काय अपेक्षित आहे हे सरकार कागदावर लिहून देतं अशी ही एकच जागा. २० ऑक्टोबर २०२५ किंवा त्यानंतर एन-४००, म्हणजे नागरिकत्वाचा अर्ज, भरणाऱ्यांना नवी परीक्षा आहे. प्रश्नसंच १२८ चा, विचारणार जास्तीत जास्त २०, उत्तीर्ण व्हायला १२ बरोबर. १२ बरोबर झाले की अधिकारी थांबतो, ९ चुकले तरी थांबतो. त्याआधी अर्ज भरलेल्यांना जुनीच: १०० चा संच, १० प्रश्न, ६ बरोबर. वय ६५ च्या पुढे आणि ग्रीन कार्डावर २० वर्षं झाली असतील तर २० निवडक प्रश्नांतून १० विचारतात, ६ पुरतात, आणि परीक्षा आपल्या भाषेत दुभाषा घेऊन देता येते. आजी-आजोबांना मराठीत देता येईल, हे बऱ्याच घरांत ठाऊक नसतं.

लोक कुठे चुकतात? पाठ केलेल्या यादीत जुनी नावं असतात. राज्यपाल, सिनेटर, आपल्या मतदारसंघाचा प्रतिनिधी, सभापती ही उत्तरं मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात तपासायची. इंग्रजी वाचन-लेखन सोपं आहे, तिनातलं एक वाक्य नीट वाचलं आणि एक नीट लिहिलं की झालं. लोक अडकतात ते एन-४०० मधल्याच शब्दांवर. 'शपथ', 'निष्ठा', 'छळ' अशा शब्दांचा अर्थ अधिकारी विचारतो आणि पाठांतरवाला गप्प होतो. नापास झालात तर ६० ते ९० दिवसांत तेवढाच भाग पुन्हा द्यायला बोलावतात.

खडूस
आणि इथेच जन्मलेल्यांची परीक्षा? २०२२ च्या राष्ट्रीय चाचणीत आठवीच्या २२ टक्के मुलांना नागरिकशास्त्र समाधानकारक येत होतं. १९९८ पासूनच्या या चाचणीत पहिल्यांदाच गुण घसरले. इतिहासात तर १३ टक्के. नवख्याकडून फेडरलिस्ट पेपर्सची (राज्यघटनेच्या बाजूने लिहिलेल्या जुन्या लेखांची) माहिती हवी आणि घरच्याला राज्यघटना नावापुरती!

आकडेमोड
अर्धं बरोबर. अ‍ॅनेनबर्ग केंद्र प्रौढांना दरवर्षी सरकारच्या तीन शाखा विचारतं. तिन्ही सांगू शकणारे २०१६ मध्ये २६ टक्के होते, २०२४ मध्ये ६५. महाभियोग, न्यायालयीन नेमणुका, अध्यादेश यांच्या बातम्या रोज कानावर आदळल्यावर शाखा पाठ होणारच. शाळेने शिकवलं नाही ते भांडणांनी शिकवलं.

तात्या टेक्सास
ज्यांना मुलगे आहेत त्यांच्यासाठी एक गोष्ट. सिलेक्टिव्ह सर्व्हिस. आतापर्यंतचा नियम असा: ग्रीन कार्डवरच्या मुलाने १८ पूर्ण झाल्यावर ३० दिवसांत, किंवा १८ ते २५ या वयात ग्रीन कार्ड मिळालं असेल तर त्यानंतर ३० दिवसांत, सैन्यभरतीच्या यादीत नाव नोंदवायचं. एच-४ किंवा एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वर कायदेशीर असेपर्यंत गरज नाही. गडबड होते ती अशी: मुलगा एच-४ वर वाढतो, विद्यार्थी व्हिसावर जातो, २४ व्या वर्षी ग्रीन कार्ड हातात पडतं आणि घरात कोणाच्या डोक्यातही येत नाही की आता नोंदणी लागू झाली. २६ पूर्ण झाल्यावर नोंदणी होतच नाही. पुढे ३१ च्या आत नागरिकत्वाचा अर्ज केला तर 'जाणूनबुजून टाळलं नाही' हे सिद्ध करावं लागतं. सिलेक्टिव्ह सर्व्हिसकडून स्थितिदर्शक पत्र मागवून आणि स्वतःचं प्रतिज्ञापत्र जोडून काम होतं, पण वकिलाची फी लागते.

शेवंती
आणि ग्रीन कार्डवाल्याला ज्युरीचं, म्हणजे खटल्यात निर्णय देणाऱ्या नागरिकांच्या पंचात बसण्याचं, पत्र आलं तर? ते तर सरसकट येतं.

पिंपळपान
मतदार यादी आणि वाहन परवान्याच्या यादीतून नावं काढतात, म्हणून येतं. दुर्लक्ष करू नका. सोबतच्या प्रश्नावलीत 'नागरिक नाही' अशी खूण करून मुदतीत परत पाठवा, विषय संपतो. 'जाऊ दे, बघू तर कसं असतं' म्हणून नागरिक असल्याची खूण केलीत तर खोट्या नागरिकत्वाचा दावा होतो आणि त्याला जवळजवळ माफी नाही. देशाबाहेर काढण्यापर्यंत जातं. परवाना काढायला गेल्यावर खिडकीतला माणूस सवयीने मतदार नोंदणीचा पडदा पुढे करतो तिथेही हाच धोका. 'नाही' दाबा. एन-४०० मध्ये 'कधी मतदार म्हणून नोंदणी केली होती का' हा प्रश्न असतो आणि तेव्हा जुनी नोंद वर येते.

नागरिक झाल्यावर मात्र ज्युरी हे खरं काम आहे. केंद्रीय न्यायालय दिवसाला ५० डॉलर देतं, खटला १० दिवसांपुढे गेला तर ६० पर्यंत. कॅलिफोर्नियाच्या राज्य न्यायालयात १५ डॉलर, तेही दुसऱ्या दिवसापासून. जेवणाचे पैसे सुटले तरी पुष्कळ. कंपनी पगार चालू ठेवते का ते आधी विचारा, बऱ्याच राज्यांत तसं बंधन नाही. तारीख सोयीची नसेल तर एकदा पुढे ढकलून मिळते, कारण सांगत बसावं लागत नाही.

खडूस
आपल्या मंडळींचा 'आपल्याला काय करायचंय इथल्या भानगडीत' हा सूर अजून जात नाही. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड या पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात असलेल्या शीख माणसाला सर्वोच्च न्यायालयाने 'तू गोरा नाहीस' म्हणून नागरिकत्व नाकारलं. निकालानंतर आधी नागरिक झालेल्या भारतीयांचंही काढून घेतलं गेलं. भारतीयांना दार उघडलं १९४६ मध्ये, तेही वर्षाला १०० माणसांपुरतं. हा इतिहास माहीत असलेल्याने तरी मतदार नोंदणीला आळस करू नये.

शेवंती
महाराष्ट्र मंडळातले लोक राजकारण नको म्हणतात ते कराच्या सवलतीमुळेही असेल. ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्थेचा दर्जा, आहे ना.

गोदाकाठ
ते अर्धवट ऐकलेलं असतं. त्या दर्जाच्या संस्थेला उमेदवाराचा प्रचार करता येत नाही, पाठिंबा जाहीर करता येत नाही, मंडळाच्या मेल यादीवरून 'यांना मत द्या' पाठवता येत नाही. पण मतदार नोंदणीचं टेबल लावता येतं, सगळ्या उमेदवारांना सारखी संधी देऊन चर्चा घेता येते. एकालाच गणपतीच्या आरतीला बोलावून माईक दिला की गडबड. तो पाहुणा म्हणून आला, नुसतं नाव घेऊन स्वागत केलं, निवडणुकीचा विषय निघाला नाही, तर हरकत नाही.

तात्या टेक्सास
मंडळाचा विषय निघालाय तर १५ ऑगस्टचं ध्वजवंदनही सांगतो, दरवर्षी कुठे ना कुठे चुकतं. दोन देशांचे झेंडे एकाच काठीवर खाली-वर लावायचे नाहीत. दोन वेगळ्या काठ्या, सारखी उंची, झेंडे साधारण सारख्या आकाराचे. अमेरिकेचा झेंडा त्याच्या स्वतःच्या उजवीकडे, म्हणजे समोर बसलेल्यांच्या डावीकडे. सभागृहात मंचावर वक्त्याच्या उजव्या हाताला. २० फुटी काठीला ३ बाय ५ फुटी झेंडा पुरे. लांबी काठीच्या चौथ्या हिश्शाएवढी, हा ढोबळ हिशेब. बाहेर नायलॉन घ्या, मंद वाऱ्यातही फडकतो आणि लवकर वाळतो. सुती फक्त आत, पावसात जड होतो आणि रंग उतरतो. मोकळ्या माळावर जोरदार वारा असेल तर दुपदरी पॉलिएस्टर.

शेवंती
घरावर लावायचा तर सोसायटी अडवते का?

तात्या टेक्सास
अमेरिकेच्या झेंड्याला नाही अडवू शकत, २००६ चा केंद्रीय कायदा आहे. अंगणात २५ फुटी खांब रोवायला अडवू शकते. भिंतीवरच्या ६ फुटी काठीला सहसा कोणी काही म्हणत नाही. रात्री ठेवायचा तर दिवा हवा. झेंडा अर्ध्यावर आणायचा आदेश आला तर आधी पूर्ण वर, मग अर्ध्यावर, आणि उतरवताना पुन्हा वर नेऊन खाली. मेमोरियल डेला (शहीद सैनिकांच्या स्मृतिदिनी) फक्त दुपारी बारापर्यंत अर्ध्यावर, नंतर पूर्ण वर. भिंतीवरच्या काठीला अर्ध्यावर आणता येत नाही, तिथे काळी फीत बांधतात. फाटायला नेहमी मोकळं टोक लागतं. धागे सुटायला लागले की तेवढं कापून दुमडून शिवा, वर्षभर आणखी जातो. पार जीर्ण झाला तर परसात जाळू नका. नायलॉनचा धूर घातक असतो. जवळच्या अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेच्या शाखेबाहेर बहुधा पेटी असते, तिच्यात टाका. १४ जूनला ते विधिपूर्वक विल्हेवाट लावतात.

शेवंती
एवढं सगळं ठीक. पण ग्रीन कार्डाच्या रांगेत वर्षानुवर्षं बसलेल्याला मतदान नाही, ज्युरी नाही. तो काय करणार?

पिंपळपान
ज्यांचा व्हिसा अजून एच-१बी आहे त्यांनाही नगर परिषदेच्या आणि शाळा मंडळाच्या सभेत बोलता येतं, तिथे नागरिकत्व कोणी विचारत नाही. कॅलिफोर्नियात नियमित सभेची विषयपत्रिका ७२ तास आधी लावावी लागते. ती वाचा, आपल्या विषयाचा क्रमांक बघा, सभेआधी नाव देण्याची चिठ्ठी भरा. बोलायला दोन-तीन मिनिटं मिळतात, म्हणून मागणी पहिल्या वाक्यात: कुठला रस्ता, कुठला क्रॉसिंग, काय हवं. पत्रिकेत नसलेल्या विषयावर बोललात तर ऐकून घेतात पण त्या सभेत निर्णय घेऊ शकत नाहीत, कायद्यानेच. म्हणून आधी सदस्याला ईमेल करून विषय पत्रिकेत आणायचा, मग माणसं गोळा करायची.

ग्रीन कार्ड असेल तर कॅलिफोर्नियात मतदान केंद्रावर कर्मचारी म्हणूनही काम करता येतं. एका केंद्रावर असे पाच जण चालतात. काउंटीच्या निवडणूक कार्यालयाच्या संकेतस्थळावर अर्ज असतो, प्रशिक्षण देतात, मानधन मिळतं. दुसरी भाषा बोलणारे त्यांना हवेच असतात, अर्जात मराठीसोबत हिंदी, गुजराती जे येत असेल ते सगळं लिहा.